सरांची पसंती

अम्मीला झोपेत श्वास घ्यायचा विसर पडायचा. डॉक्टरांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण रिदाच्या लेखी प्रकार साधा होता. घोरणं चालू असायचं, मग एकाएकी थांबायचं, आणि खोलीत फक्त एसीचा आवाज उरायचा. मशीन येण्याआधी जवळजवळ वर्षभर रिदा अम्मीच्या शेजारी झोपली. झोपली म्हणजे पडल्या पडल्या मोजत राहिली. दहापर्यंत श्वास आला नाही की खांद्याला धरून हलवायचं. एकदा मोजदाद एकेचाळीसपर्यंत गेली होती. ती रात्र तिने अब्बांनाही सांगितली नव्हती.

मग मशीन आलं. पावाच्या लादीएवढं, पांढरं. त्यातून एक नळी निघायची आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. रात्रभर ते हवेचा हलका दाब देत राही आणि अम्मीचा गळा मिटू देत नसे. त्याच्या छोट्या पडद्यावर श्वासांची हिरवी रेषा चढायची, उतरायची. रिदा पुन्हा झोपायला शिकली.

आता दोघी गुहागरकडच्या गावी निघाल्या होत्या. अम्मीच्या बहिणीच्या मुलीचा निकाह होता. विमान संध्याकाळी सातचं. आणि काल रात्री खालाचा, म्हणजे त्या मावशीचा, फोन आला की वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, आठवडाभर वीज नाही, मांडवातला जनरेटर रात्री अकराला बंद करतात. लग्नघरात दिवे नसले तरी चालेल, असं खाला हसत म्हणाली. अम्मीसुद्धा हसली. रिदा हसली नाही. तिने मशीनचं माहितीपत्रक काढलं आणि वहीत आकडेमोड केली. पाणी तापवायचा भाग बंद ठेवला तर मशीन नऊ वॉट खातं. आठ तासांचे झाले बहात्तर. बॅटरीत थोडं वाया जाणार ते धरून पंच्याऐंशी-नव्वद वॉट-आवर हवेत. विमानात हातातल्या बॅगेत शंभरपर्यंत चालतात. म्हणजे नव्वद ते शंभर. नेम फार बारीक होता, पण साधता येण्यासारखा होता.

अब्बा म्हणजे जहूर. इथे आखातात, हमद पोर्टवर, कंटेनरच्या नोंदी ठेवायचे. सकाळी निघताना ते म्हणाले, जरा थांबलीस तर सुट्टी टाकून येतो, एकट्या बाईमाणसाला तिथे कुणी धड काही दाखवत नाही. रिदा म्हणाली, मी एमएस्सी फिजिक्स केलंय, अब्बा, मला बॅटरीच घ्यायचीय. अल दुहैलच्या शाळेत ती प्रयोगशाळा सांभाळायची, आणि तिथल्या पोरांना मीटर कसा लावायचा ते दिवसातून चारदा शिकवायची. अब्बांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, उशीर झाला म्हणून.

मुशैरिबच्या मेट्रोतून बाहेर पडून ती मागच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या जुन्या गल्लीत शिरली तेव्हा साडेदहा वाजले होते. खांद्याला मशीनची पिशवी. ती दुकानं एकला बंद होऊन चारला उघडतात आणि चारला तिला विमानतळावर असायला हवं होतं. म्हणजे हातात अडीच तास.

पहिल्या दुकानातल्या माणसाने तिचं म्हणणं नीट ऐकलं. मग तिच्या डाव्या खांद्याच्या वर, हातभर मागे बघत म्हणाला, "सर, ये वाला लीजिए. मॅडम के लिए हलका रहेगा."

रिदाने वळून पाहिलं. मागे इअरफोन टांगलेलं काचेचं कपाट होतं. काचेत ती होती आणि रस्त्याचा पांढरा उजेड. तिला वाटलं, याच्या कानात फोन असेल. तिने पुन्हा विचारलं, यात वॉट-आवर किती? त्याने पुन्हा वरच, मागे बघून मिलीअँपचा आकडा सांगितला, थोडा थांबला, कुणीतरी काही बोलल्यावर हसावं तसा हसला आणि म्हणाला, बराबर है सर, लेडीज को सब सेम लगता है. त्याच्या दोन्ही कानांत काही नव्हतं.

ती बाहेर आली. मे महिन्याचं ऊन गल्लीत उभं होतं. मागे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दुकानात तिने तोंड उघडण्याआधीच काउंटरवर करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाचे दोन कागदी पेले आले. एक तिच्यापुढे, दुसरा रिकाम्या जागेपुढे. दुकानदार वयस्कर आणि अदबशीर होता. त्याने तिला कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. "मॅडम, आप बैठिए आराम से. हम लोग देख लेते हैं."

हम लोग. रिदा घाबरली. पण ती प्रयोगशाळेत वाढलेली होती. भीती वाटली की आधी एक बदल करून बघायचा, ही तिची खोड. ती उठली आणि पाठ भिंतीला टेकवून उभी राहिली, इतकी घट्ट की मधे वहीचं पान जाणार नाही. आता मागे कुणी मावणारच नव्हतं. दुकानदाराची नजर क्षणभर गोंधळली, मग सावकाश डावीकडे सरकली, दाराजवळ, आणि त्याच उंचीवर स्थिरावली. कुणी बाजूला होऊन उभं राहावं तशी. तिने तीन पावलं उजवीकडे टाकली. नजरही सरकली, पण दोन सेकंद उशिरा. मागून येणाऱ्याला लागतात तेवढ्या.

तिने अब्बांना फोन लावला आणि तुम्ही कुठे आहात एवढंच विचारलं. पलीकडून क्रेनचा भोंगा ऐकू आला. कुठे असणार, अब्बा म्हणाले, यार्डात आहे, का गो? काही नाही, म्हणत तिने फोन ठेवला. परत वळून पाहिलं तर दुसऱ्या पेल्यातला चहा अर्धा झाला होता. कुणी प्यायलं होतं की मुळातच अर्धा होता, हे तिने आधी पाहून ठेवलं नव्हतं, आणि याचा तिला स्वतःचाच राग आला.

घरी निघून जावं असं वाटलं. पण घरी गेलं तर रात्री अकरानंतर काय? पुन्हा शेजारी पडून मोजायचं, आठ रात्री, आणि दिवसा लग्नाची धावपळ. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री डोळा लागणारच. ती पुढे चालू लागली.

तेवढ्यात अम्मीचा फोन आला, खालासाठी अत्तर राहिलं म्हणून. रिदा तिच्याशी बोलत होती तर शेजारच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली, "रत्नागिरीकडच्या काय गो, बाय?"

फुजैल म्हसळ्याचा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांत गावाकडची ओळख. दुकानभर प्रवासाच्या वस्तू टांगलेल्या: अ‍ॅडाप्टर, बॅग मोजायचे हुकाचे काटे, मानेखालच्या उश्या. आपल्या बोलीतला माणूस बघून रिदाला हायसं वाटलं. ते हायसं जेमतेम मिनिटभर टिकलं. फुजैलने आतून दोन खुर्च्या ओढल्या. प्लास्टिकची तिच्यापुढे ठेवली आणि गादीची तिच्या डावीकडे, हाताने झटकून.

"बसा, सर."

रिदाने सरळ विचारलं, "कोण सर?"

फुजैल हसला. "भांडलात वाटतं दोघं. होतं तसं, प्रवासाचा दिवस म्हटला की घरोघरी हेच."

"चाचा, मी एकटी आलेय. कसे दिसतात ते सांगा."

"तुम्हीच घेऊन आलात आणि मला विचारता?" तरी त्याने सांगितलं, मस्करीत भाग घेतल्यासारखं. इस्त्रीचा शर्ट. चष्मा. बोलणं कमी. "पण माहिती आहे माणसाला. चेहऱ्यावरूनच कळतं."

चेहऱ्यावरून. रिदाने गादीच्या खुर्चीकडे पाहिलं. गादी सपाट होती. ती शांतपणे म्हणाली, मला नव्वद ते शंभर वॉट-आवरची बॅटरी हवी, बारा व्होल्टचं गोल सॉकेट असलेली. फुजैलने एक काळी चकचकीत बॅटरी काढली आणि गादीच्या खुर्चीपुढे धरली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत पन्नास हजार मिलीअँप-आवर छापलं होतं.

"सरांना पसंत आहे," तो म्हणाला. "मान डोलावली."

वरच्या फळीवर धुळीत एक राखाडी खोका होता. त्याच्या कडेला बारीक अक्षरात नव्याण्णव वॉट-आवर लिहिलेलं रिदाला दिसलं. तिने तो मागितला. फुजैलने खुर्चीकडे बघितलं आणि जीभ चुकचुकवली. "सर नको म्हणतायत. तो फार दिवस पडलाय. लोक हाच नेतात."

रिदाने तिथलाच एक हुकाचा काटा काढला, काळी बॅटरी पिशवीत घालून टांगली. सातशे चाळीस ग्रॅम. वजन बरोबर होतं, एवढ्या सेलचं तेवढं असायलाच हवं. फुजैल खूश झाला. पण वजनाला लिथियम आणि वाळू सारखीच. आणि आणखी एक गोष्ट होती, ती तिने समजावून सांगितली. छापलेला आकडा खरा असेल तर ही एकशे पंच्याऐंशी वॉट-आवरची झाली, विमानात घेऊच देणार नाहीत. खोटा असेल तर नेऊन उपयोग काय? म्हणजे दोन्हीकडून ही बाद. फुजैल ऐकत होता, पण कुणाचं तरी लहान मूल कविता म्हणतं तेव्हा ऐकतात तसं, मधेमधे खुर्चीकडे बघून हसत. शेवटी म्हणाला, "सर म्हणतात, घेऊन टाक."

खुर्चीतून आवाज आला नव्हता. तिने कान देऊन ऐकलं होतं.

घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती. तिने ठरवलं. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, दोघांशीही. ती म्हणाली, मशीन लावून बघू. एक वाजेपर्यंत या बॅटरीवर चाललं तर हीच घेते. नाही चाललं तर वरचा खोका काढायचा. फुजैलने खुर्चीची परवानगी घेतली आणि हो म्हणाला.

तिने पिशवीतून मशीन काढून काचेच्या काउंटरवर ठेवलं, गाडीत लावायची वायर काळ्या बॅटरीला जोडली, नळी बसवली आणि मास्क उताणा ठेवला. बटण अजून दाबलं नव्हतं. आधी मास्क पुसून मग स्वतःच्या नाकावर लावायचा तिचा विचार होता, कारण श्वास घेणारं कुणी असल्याशिवाय मशीनवर खरा भार येत नाही. पुसायचा कागद काढायला ती पिशवीकडे वळली.

मशीन सुरू झालं.

त्याची सोयच तशी होती. मास्कमध्ये श्वास लागला की ते आपोआप सुरू होतं, झोपाळू माणसाला बटण शोधायला लागू नये म्हणून. काउंटरवर उताण्या पडलेल्या मास्कच्या आतल्या बाजूला धुकं आलं, विरलं, पुन्हा आलं. पडद्यावर हिरवी रेषा चढली आणि उतरली. खाली लिहून आलं की मास्क नीट बसला आहे, हवा गळत नाही.

"सर वाकून बघतायत," फुजैल कौतुकाने म्हणाला. "हौशी आहेत."

रिदाने आधी छताचा पंखा बंद करायला लावला. मग मास्कच्या वर तळहात धरला. एसीचा झोत तिथे येत नव्हता. तळहाताखाली हवा मात्र थंड होती, कोंदट थंड, बरेच दिवस न उघडलेल्या खोलीसारखी. धुकं येतच राहिलं. मिनिटाला बारा. अम्मीचे सोळा असतात. तिने हात काढून घेतला. पळून जायला दार चार पावलांवर होतं, पण मशीन काउंटरवर होतं आणि मशीनशिवाय ती कुठे जाणार होती? शिवाय, आणि हे कबूल करायला तिला लाज वाटली, मोजमापाला श्वास घेणारं कुणीतरी लागणारच होतं. तिने मोबाइलवर वेळ लावली.

गल्ली रिकामी होत चालली. एकेक शटर खडखडत खाली आलं. फुजैल खुर्चीशी गप्पा मारत होता. म्हसळ्याचा रस्ता, पोरांच्या शाळेची फी, इथला उन्हाळा. प्रश्न विचारायचा, थांबायचा, मान हलवायचा. रिदा हिरव्या रेषेवरून नजर हलवत नव्हती. बारा. बारा. अकरा. बारा.

तेविसाव्या मिनिटाला पडदा मंदावला. मशीनचा सूर खाली घसरला, एकदा ओढल्यासारखा वर आला आणि बंद पडला. काळ्या बॅटरीचे चारही दिवे एकदम विझले. मास्कच्या आत एक धुकं उमटलं, दाट, आणि हळूहळू विरलं.

दुसरं आलं नाही.

रिदा मोजायला लागली. ते ठरवून नव्हतं, वर्षभराची सवय होती. तीन, चार. फुजैलचं बोलणं थांबलं. त्याची नजर खुर्चीच्या वरच्या जागेवर होती, ती खुर्चीत आली, मग खुर्चीच्या पायाशी, मग फरशीवर. सात, आठ. दहाला रिदाचा हात आपोआप डावीकडे गेला, जिथे अम्मीचा खांदा असायचा तिथे, आणि हवेत थांबला. खाली काही नव्हतं. थंडीसुद्धा नव्हती आता.

"सरांना काय झालं?" फुजैल काउंटरला धरून उभा होता. त्याने पहिल्यांदाच रिदाच्या डोळ्यांत पाहिलं. "बाय, काहीतरी करा ना. तुम्हाला कळतं यातलं."

अठरा, एकोणीस. "वरचा खोका द्या," ती म्हणाली.

या वेळी त्याने कुणाला विचारलं नाही. स्टुलावर चढला, धुळीसकट खोका खाली दिला. तिने तो फाडला, वायर राखाडी बॅटरीत खोचली. पाच दिवे लागले. मशीनचा पडदा उजळला आणि वाट बघत राहिला. एक श्वास आला की ते सुरू होणार होतं. ती मास्ककडे बघत राहिली. प्लास्टिक स्वच्छ, कोरडं होत चाललं होतं. चाळीस. एकेचाळीस. त्यापुढे मोजायचं तिने सोडून दिलं.

तिला वाईट वाटलं का? वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जो कोण होता, त्याने सोनेरी आकडा बघून मान डोलावली होती. तेविसाव्या मिनिटाला अम्मीचंही हेच झालं असतं, फक्त अंधारात, आणि शेजारी रिदा गाढ झोपलेली असती.

पण राखाडी बॅटरीची चाचणी अजून व्हायची होती. खोक्यावरचा आकडा हाही छापलेलाच आकडा. एकाला पंचवीस मिनिटं कमी होती. तिने स्पिरिटच्या कागदाने मास्क पुसला. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा. दम धरून तो नाकावर ठेवला आणि पट्टे डोक्यामागे ओढले. पहिला श्वास घेताना डोळे मिटले गेले. मशीन सुरू झालं. रेषा चढली. श्वास मिनिटाला वीस, मग अठरावर आले. नऊ वॉट. पाचही दिवे.

प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत नळी पोचत नव्हती. म्हणून ती गादीच्या खुर्चीत बसली.

फुजैलने छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. त्याचा चेहरा उजळला, हरवलेलं माणूस सापडावं तसा. तो काउंटरवरून पुढे वाकला.

"बरं वाटतंय ना आता, सर? घाबरवलंत मला."

रिदा त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्या डोळ्यांतच बघत होता, सरळ, आदराने. मास्क लावून बोलायला गेलं की हवा फसफसून बाहेर येते आणि चाचणी बिघडते. त्याने तिच्या डाव्या बाजूला पाहिलं, मग प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग दाराकडे.

"मॅडम कुठे गेल्या? आत्ता इथेच होत्या." मग स्वतःच समजूत घातली, "बाहेर फोनवर असतील. बरं झालं. आपण दोघं आटपून टाकू." त्याने राखाडी बॅटरीवरची धूळ हाताने पुसली. "तुमचं म्हणणं बरोबर होतं, सर. हीच चांगली. मी मॅडमना तेच सांगत होतो. हीच करू ना फायनल?"

पडद्यावरची रेषा वर गेली आणि जराशी थांबली. काचेच्या काउंटरमध्ये तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं: ओढणी, पट्टे, मास्क, वर दोन डोळे. तिचेच होते. तिने दोनदा खात्री केली.

तिने मान डोलावली.

फुजैलने लगेच बिलबुक ओढलं, वॉरंटीचं कार्ड भरलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. कार्डावर 'मिस्टर' आधीच छापलेलं होतं. रिदाने त्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, अब्बांच्या नावासकट, शाळेच्या रजिस्टरमध्ये लिहायची तसं सुटं, वाचता येईल असं. फुजैलने कार्ड उलट फिरवून वाचलं. परत वाचलं. मग मान वर करून तो दुकानात शोधू लागला, कपाटांमागे, दाराबाहेर, फरशीवर.

"हे नाव कुणाचं, सर?"

रिदाने मास्क नाकावरून दोन बोटं उचलला. हवा फसकन बाहेर आली, रेषा कोसळली.

"माझं," ती म्हणाली.

फुजैलची नजर तिच्यावर होती. ती कुठल्या उंचीवर थांबतेय हे बघत बसायला तिला वेळ नव्हता. एक वाजायला अजून सात मिनिटं होती. तिने मास्क पुन्हा लावला आणि दिवे मोजायला घेतले.